बहुदिवसीय निधी-संकलन सायकल मोहिमेतील यांत्रिक मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या सामाजिक कार्यासाठी निधी उभा करण्याच्या हेतूने निघणाऱ्या, अनेक दिवस चालणाऱ्या सायकल मोहिमेत मेकॅनिक म्हणून सोबत जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि अशा मोहिमेचे नियोजन करणाऱ्या आयोजकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत.

अशा मोहिमेत मेकॅनिक पथकाचे नेमके काम काय असते?

शर्यतीत मेकॅनिकला सेकंद वाचवायचे असतात. येथे प्रत्येक स्वाराला, शक्यतो त्याच्याच सायकलवरून, त्या दिवसाच्या मुक्कामापर्यंत सुरक्षित पोहोचवायचे असते. कामाची ही व्याप्ती आधीच स्पष्ट असली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. रस्त्याच्या कडेला केलेली दुरुस्ती देखणी किंवा कायमची असण्याची गरज नाही, ती मुक्कामापर्यंत टिकली पाहिजे. मुक्कामावर केलेली दुरुस्ती मोहिमेच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकली पाहिजे. यांपैकी कोणतीच खात्री देता येत नसेल, तर ती सायकल रस्त्यावर जाऊ देऊ नये.

सहभागी होणाऱ्यांपैकी अनेकजण एरवी फारशी सायकल चालवत नाहीत. कोणी स्वतः आजारातून बरे झालेले असतात, कोणी आपल्या माणसाच्या स्मरणार्थ आलेले असतात, आणि त्यांच्या मागे देणगी देणारे मित्र व नातेवाईक असतात. सायकलीही तितक्याच निरनिराळ्या असतात. नुकतीच घेतलेली इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल आणि कित्येक वर्षे कोपऱ्यात पडून राहिलेली जुनी सायकल एकाच तंबूसमोर रांगेत उभी राहते. दोन्ही स्वारांना सारख्याच आस्थेने मदत मिळाली पाहिजे.

किती मेकॅनिक आणि किती गाड्या लागतात?

सहभागींची संख्या भागून उत्तर काढण्याची पद्धत फसवी आहे. महत्त्वाचा मुद्दा स्वार रस्त्यावर किती लांबवर पसरतात हा आहे. शंभर किलोमीटरचा टप्पा धरू. ताशी २५ किलोमीटरने जाणारा स्वार चार तासांत पोहोचतो, तर ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्याला आठ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे पहिला स्वार मुक्कामी उतरतो तेव्हा शेवटचा अजून अर्ध्या वाटेवरही आलेला नसतो. एकच गाडी ही दोन्ही टोके सांभाळू शकत नाही.

म्हणून लहान मोहिमेतही तीन भूमिका वेगळ्या कराव्यात. विश्रांतीस्थळावर स्टँड लावून थांबणारा मेकॅनिक, मार्गावर पुढे-मागे फिरणारी गाडी, आणि सर्वांत शेवटच्या स्वाराच्या मागून येणारी गाडी. शेवटच्या गाडीतला मेकॅनिक सर्वांत शांत स्वभावाचा असावा, असे माझे मत आहे, कारण दमलेले, मागे पडल्याने खचलेले आणि मोहीम सोडून देण्याच्या बेतात असलेले स्वार त्याच्याच वाट्याला येतात. दोन गाड्यांमध्ये, शेवटचा स्वार कोणत्या ठिकाणाहून पुढे गेला, याची माहिती ठरावीक वेळाने एकमेकांना दिली गेली पाहिजे. दूरध्वनीला संपर्क मिळत नाही असे पट्टे आधीच नकाशावर खुणावून ठेवावेत.

मोहिमेपूर्वी सायकलींची तपासणी करावी का, आणि कधी?

अवश्य करावी. मेकॅनिक पथकाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या तपासणीत दोष सापडतो, पण भाग मागवायला वेळ उरत नाही. म्हणून स्वारांना किमान तीन आठवडे आधी लेखी यादी पाठवून सायकल जवळच्या मेकॅनिककडून तपासून घ्यायला सांगावे. आदल्या दिवशी मुक्कामावर होते ती केवळ सुरक्षेची झटपट तपासणी.

झिजलेली चेन हा नेहमीचा पाहुणा. तिच्या दोन पिनांमधील मूळ अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते; पिना आणि त्यांवरील बुशिंगचे पृष्ठभाग झिजले की हे अंतर वाढते. अकरा आणि बारा गिअरच्या चेन साधारण ०.५ टक्के वाढल्यावर, आणि आठ ते दहा गिअरच्या ०.७५ टक्के वाढल्यावर बदलाव्यात. मात्र जुन्या, झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचावर) नवी चेन चढवली तर ती जोर लावताच दातांवरून घसरते. त्यामुळे चेन बदलण्याचा निर्णय निघण्याच्या आदल्या रात्री घेणे घातक ठरते. तोवर चालत आलेली जोडी तशीच ठेवणे अनेकदा अधिक शहाणपणाचे असते.

टायरच्या बाजूच्या भिंतींवर भेगा आहेत का, रबराखालचे धागे दिसतात का, हे हवा भरलेली असताना चाक सावकाश फिरवून पाहावे. ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी लिव्हरमधून बाहेर ओढून त्यांच्या टोकाकडच्या धाग्यांवर नजर टाकावी, कारण गिअरची वायर बहुधा शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलण्याच्या लिव्हरच्या, आतच उसवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली असता हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली, तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरू देणारे बेअरिंग, सैल आहे. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, दोन्ही हातांनी आडवा हलवावा, चाके रिमला धरून डावी-उजवीकडे हलवावीत. रिमवर पकडणारे ब्रेक असतील तर रिमच्या कडेवरील झीज दाखवणारी खाच किंवा खळगा पाहावा. तो दिसेनासा झाला असेल तर रिम बदलण्याची वेळ आली आहे.

सीट, हँडल आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा जोडभाग) यांचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, तपासावेत. कार्बनचे भाग असतील तर त्यांवर छापलेला आकडा ओलांडू नये. स्टेमच्या बोल्टांवर तो अनेकदा पाच न्यूटन मीटरच्या आसपास असतो. विमानाने किंवा मालवाहू गाडीने आलेल्या सायकलींचे हँडल आणि पॅडल स्वारांनी घाईत बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे दुप्पट लक्ष द्यावे.

स्वारांनी स्वतःजवळ काय बाळगावे?

मदतीची गाडी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. साधे पंक्चर स्वतः काढता आले तर स्वाराचा वेळ वाचतो आणि गाडी खऱ्या अडचणीतल्या माणसाकडे जाऊ शकते. प्रत्येकाने आपल्या टायरच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पॅच, अ‍ॅलन पान्यांचा संच आणि आपल्या चेनला जुळणारी, तुटलेली चेन जोडणारी एक जोडकडी जवळ ठेवावी. खोल रिम असेल तर ट्यूबच्या व्हॉल्व्हची लांबी घरीच जुळवून पाहावी. चाकाची धुरी उघडायला वेगळी किल्ली लागत असेल तर तीही सोबत हवी.

याशिवाय एक छोटी वस्तू मी प्रत्येक स्वाराला आणायला लावतो, ती म्हणजे त्याच्या फ्रेमचा सुटा डिरेलर हँगर. फ्रेमच्या मागच्या टोकाला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारा भाग) धरून ठेवणारा हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा पडझडीत आधी वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी, अशाच रीतीने बनवलेला असतो. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत. कोणतीही गाडी ते सर्व बाळगू शकत नाही, आणि योग्य हँगर नसेल तर उत्तम सायकलही तिथेच थांबते.

एकेकाळी शर्यतींमध्ये बाहेरची मदत घेण्यास पूर्ण मनाई होती. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये फ्रेंच स्वार युजीन क्रिस्तोफ यांचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग, पिरेनीज पर्वतातील तुर्माले खिंडीच्या उतारावर तुटला. ते सायकल घेऊन पायी खालच्या गावातील लोहाराच्या भट्टीपर्यंत गेले आणि फोर्क स्वतः जोडला. तरीही एका मुलाने भाता हलवला म्हणून त्यांना दंड झाला. निधी-संकलनाच्या मोहिमेत अशी सक्ती कोणीच करणार नाही, परंतु स्वतःच्या सायकलची किमान ओळख असलेला स्वार रस्त्यावर खूप निश्चिंत असतो.

गाडीत कोणते सुटे भाग ठेवावेत?

नोंदणी अर्जातच सायकलची माहिती मागवली तर अंदाजाने भाग भरावे लागत नाहीत. टायरच्या भिंतीवर छापलेला तीन अंकी आकडा विचारावा. ६२२ म्हणजे ७०० सी, ५८४ म्हणजे ६५० बी किंवा साडेसत्तावीस इंची, आणि ५५९ म्हणजे नेहमीची सव्वीस इंची डोंगरी सायकल. नुसते सव्वीस इंच म्हटल्याने भागत नाही, कारण त्याच नावाची, एकमेकांना न बसणारी इतरही मापे आहेत. त्यासोबत मागे किती गिअर आहेत, ब्रेक वायरीचे की हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे), आणि टायर ट्यूबलेस आहेत का, हेही विचारावे.

बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब अधिक घ्याव्यात, कारण जाड व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या मोठ्या भोकातही त्या लहान रिंग वापरून चालवता येतात, पण जाड व्हॉल्व्हची ट्यूब लहान भोकात जात नाही. चेन आणि जोडकड्या प्रत्येक गिअरसंख्येच्या वेगळ्या लागतात. ब्रेकच्या वायरी दोन प्रकारच्या डोक्यांच्या लागतात, एक वाकड्या हँडलच्या सायकलींसाठी आणि एक सरळ हँडलच्या सायकलींसाठी. डिस्क ब्रेकच्या पॅडचे आकार इतके आहेत की नोंदणीच्या माहितीवरून सर्वाधिक आढळणारे चार-पाच प्रकार निवडणेच व्यवहार्य ठरते. दोन सुटी चाके, काही टायर, शिफ्टरमध्ये लागणाऱ्या सीआर २०३२ नाणेसेल, आणि बुटांच्या क्लीटचे, म्हणजे बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या पट्टीचे, बोल्ट विसरू नयेत. क्लीटचा एक बोल्ट हरवला की पाय पॅडलमधून बाहेर काढता येत नाही, आणि स्वार थांबताना आडवा पडतो.

रस्त्यावर थांबताना कोणती काळजी घ्यावी?

सायकल दुरुस्त करण्याआधी सायकल, स्वार आणि गाडी रस्त्यापासून दूर न्यावी. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यालगत कधीही थांबू नये. स्वाराला पाचशे मीटर चालवत पुढे नेणे चांगले. स्वयंसेवकाच्या अंगावर चमकदार जाकीट असावे, आणि वाहतुकीकडे पाठ करून काम करू नये. गाडीचा मागचा दरवाजा उघडल्यावर मागचे दिवे झाकले जातात का, हेही आधी पाहून ठेवावे.

एकाच स्वाराचे वारंवार पंक्चर का होते?

कारण पंक्चर काढले जाते, पण पंक्चरचे मूळ तसेच राहते. ट्यूब बाहेर काढताना टायरचा शिक्का आणि व्हॉल्व्ह एका रेषेत ठेवले असतील, तर ट्यूबवरील भोक टायरवर नेमके कोठे येते ते लगेच मोजता येते. तेथे आतून कापडाने चाचपावे. बोट फिरवण्यापेक्षा कापड बरे, कारण बारीक तार किंवा काचेची कपची बोट कापते, कापडाला मात्र अडकते.

भोकाची जागा कारण सांगते. शेजारी-शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्याच्या कडेवर रिममध्ये चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि चाकाच्या तारेचे (स्पोकचे) भोक उघडे पडले आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल तर बहुधा पंप लावताना जोर पडला आहे. टायरच्या भिंतीला चीर असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावून हवा थोडी कमी ठेवता येते. तरीही तो टायर संध्याकाळी बदललाच पाहिजे.

ट्यूबलेस टायरमध्ये आतले द्रव काही महिन्यांत सुकते, आणि स्वाराला त्याचा पत्ता नसतो. भोकात डाट बसत नसेल तर व्हॉल्व्ह काढून साधी ट्यूब घालावी; मात्र त्याआधी टायरमधला प्रत्येक काटा शोधून काढावा. द्रव आहे म्हणून आजवर ते काटे निमूटपणे रुतून बसलेले असतात. कार्बन डायऑक्साइडच्या नळीने भरलेली हवा रबरातून लवकर झिरपते, म्हणून मुक्कामावर ती सोडून साधी हवा भरावी.

गिअर नीट बसत नसतील तर आधी काय पाहावे?

वायरीचा ताण फिरवण्याआधी मागून हँगर पाहावा. सायकल उजव्या बाजूला पडली असेल, किंवा गाडीत दुसऱ्या सायकलीखाली दबली असेल, तर हँगर आतल्या बाजूला वाकलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा सायकलीचे लहान चक्र ठीक चालते, पण मोठ्या चक्रावर गेल्यावर डिरेलर तारांना लागतो. चढावर, म्हणजे स्वार सर्वाधिक जोर लावत असतानाच तो तारांमध्ये शिरतो, आणि मग हँगर, डिरेलर व चाक तिन्ही एकदम जातात. ताण फिरवून हा दोष झाकणे अत्यंत अयोग्य आहे. मापकाने हँगर सरळ करावा. ते शक्य नसेल तर आतल्या मर्यादेचा स्क्रू आवळून सर्वांत मोठे चक्र बंद करावे आणि स्वाराला तसे स्पष्ट सांगावे.

इलेक्ट्रॉनिक गिअर बंद पडले तर आधी बॅटरी पाहावी, मग विजेच्या तारांचे जोड. बहुतेक वेळा स्वाराने रात्री चार्ज केलेले नसते. प्रचलित प्रकारांचे चार्जर मुक्कामाच्या टेबलावर कायम लावून ठेवावेत.

हायड्रॉलिक ब्रेकची दुरुस्ती रस्त्यावर करावी का?

पॅड बदलणे, रोटर (ब्रेकची चकती) सरळ करणे आणि कॅलिपर (पॅड धरणारा भाग) मध्यावर आणणे रस्त्यावर करता येते. द्रव बदलण्याचे काम मुक्कामावर, उजेडात आणि स्वच्छ जागेवरच करावे. काही ब्रेकमध्ये खनिज तेल असते, काहींमध्ये डॉट प्रकारचे द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतले रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो, म्हणून स्मरणावर विसंबू नये, लिव्हरवर छापलेले वाचावे. दोन्ही द्रवांची साधने वेगळ्या डब्यांत, वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने ओळखून ठेवावीत.

चाक काढलेले असताना कोणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. ते मागे ढकलून कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. चेनवर फवाऱ्याचे तेल मारू नये, कारण त्याचा सूक्ष्म थर रोटरवर बसतो आणि पॅड शोषून घेतात. तेल एकेका कडीवर थेंबाने सोडावे व वरचे पुसून काढावे. पावसातल्या एकाच लांब उतारावर पॅड कल्पनेपलीकडे झिजतात, म्हणून ओल्या दिवसानंतर प्रत्येक सायकलचे पॅड पाहावेत.

तार तुटली तर?

तुटलेली तार शेजारच्या तारेला चिकटपट्टीने बांधावी, चाक ब्रेकला घासत असेल तर दोन्ही बाजूंच्या तारा थोड्या सैल-घट्ट करून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा, आणि स्वाराला पुढे जाऊ द्यावे. हे बत्तीस किंवा छत्तीस तारांच्या चाकाला लागू आहे. वीस-चोवीस तारांचे चाक एक तार जाताच इतके वाकते की ते बदलणेच बरे. मागच्या चाकाच्या चेनकडील तारा अधिक ताणलेल्या असतात व अधिक तुटतात, आणि त्या बदलण्यासाठी कॅसेट काढावी लागते. ते साधन फिरत्या गाडीतही असावे. एकाच चाकाच्या दोन तारा दोन दिवसांत तुटल्या, तर उरलेल्या तारांवरही भरवसा ठेवू नये.

सायकल चालवू नका, असे कधी आणि कोणी सांगावे?

हा निर्णय मुख्य मेकॅनिकचा असावा, तो अंतिम असावा, आणि ही गोष्ट नोंदणीच्या नियमांत आधीच छापलेली असावी. रस्त्यावर दमलेल्या स्वाराशी अधिकारावरून वाद घालण्याची वेळ येता कामा नये.

कार्बनच्या फ्रेमला, फोर्कला किंवा हँडलला भेग पडली असेल, किंवा नाण्याने हलके ठोकल्यावर एका जागी आवाज बदलून बोदा येत असेल. फोर्क वाकला असेल. दोन्हींपैकी एक ब्रेक धरत नसेल. टायरला फुगवटा आला असेल. हेडसेट आवळूनही खेळत असेल. यांपैकी काहीही असेल, तर सायकल गाडीत चढवावी. धातूची फ्रेम जोडाजवळ चिरली असेल तर तीही. डोक्याला मार बसलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी वापरू देऊ नये. दोन-तीन सुटी हेल्मेट जवळ असावीत.

सांगण्याची रीतही महत्त्वाची आहे. देणगीदारांना आपण प्रत्येक किलोमीटर देणे लागतो, असे अनेक स्वारांना मनापासून वाटते, आणि त्यांना थांबवणे म्हणजे त्यांची बांधिलकी मोडणे असे त्यांना भासते. म्हणून स्वाराला दोष प्रत्यक्ष दाखवावा, त्याचे बोट त्या भेगेवर ठेवावे, आणि नकारासोबतच पर्याय द्यावा. मोहिमेबरोबर तीन मापांच्या राखीव सायकली असतील तर बहुतेक प्रसंग निभावतात. स्वाराची सीटची उंची पहिल्याच दिवशी मोजून त्याच्या क्रमांकासमोर लिहिलेली असेल, तर राखीव सायकल काही मिनिटांत तयार होते. त्याचेच पॅडल काढून लावावेत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे घाईत विसरू नये.

संध्याकाळच्या कामाची व्यवस्था कशी लावावी?

तंबूसमोर सायकली आणि तक्रारी एकदमच येतात. प्रत्येक सायकलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी आणि तीवर स्वाराचा क्रमांक, तक्रार, सापडलेला दोष, केलेले काम आणि मेकॅनिकची सही असावी. आलेल्या क्रमाने काम न करता आधी ब्रेक, हँडल व टायर, मग चाके, मग गिअर, आणि वेळ उरला तर आवाज व स्वच्छता, असा क्रम ठेवावा. नवे हँडल बसवून द्या, सीट बदलून पाहा, अशा विनंत्या नम्रपणे नाकाराव्यात. चालू मोहिमेत बसण्याची ठेवण बदलली तर दुसऱ्या दिवशी गुडघे दुखू लागतात.

काम घेण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती पाळावी. झोप न झालेल्या मेकॅनिकच्या हातून बोल्ट अर्धवट आवळलेला राहतो. ज्या बोल्टवर काम झाले, तो दुसऱ्या मेकॅनिकने टॉर्क रेंच लावून पाहावा आणि चिठ्ठीवर खूण करावी.

भागांचे पैसे कोणी द्यावेत?

श्रम विनामूल्य आणि भाग खरेदीच्या किमतीत, ही पद्धत सर्वांना समजते. देणगीचा पैसा भागांवर खर्च होऊ नये, यासाठी हिशेब वेगळा ठेवावा. पॅच, वायरीचे टोपण, तेल अशा किरकोळ वस्तूंचे पैसे घेत बसू नये.

ई-सायकलींचे काय?

टायर, ब्रेक, चेन यांची कामे नेहमीसारखी करावीत. मोटर किंवा बॅटरी उघडू नये. फुगलेली, आपटलेली किंवा तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, गाडीत इतर सामानासोबत ठेवू नये. ती उघड्यावर, लोकांपासून दूर ठेवून मोहीमप्रमुखांना कळवावे. मागच्या चाकात मोटर असेल तर चाक काढण्यापूर्वी तिचा जोड कोठे आहे ते स्वाराकडूनच विचारून घ्यावे.

अपघातस्थळी मेकॅनिकने काय करावे?

स्वाराला हलवू नये, वैद्यकीय पथकाला बोलवावे आणि मागून येणाऱ्यांना सावध करावे. सायकलची छायाचित्रे घेऊन ती बाजूला न्यावी. स्वाराला पुढे जाण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली तरी सायकलची पूर्ण तपासणी होईपर्यंत ती परत देऊ नये. हँडल, स्टेम, फोर्क, हँगर आणि दोन्ही चाके पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.

मोहीम संपल्यावर काय उरते?

तात्पुरत्या दुरुस्तीची चिठ्ठी सायकलवर तशीच ठेवावी आणि स्वाराला ती वाचून दाखवावी, कारण पॅच लावलेला टायर किंवा बंद केलेले चक्र तो आठवड्याभरात विसरतो. सायकली परत पाठवताना चाक काढलेल्या फोर्कमध्ये आधार घालावा आणि हँगरच्या बाजूला पुठ्ठा बांधावा. वापरलेल्या भागांची यादी त्याच दिवशी करावी. कोणत्या मापाच्या ट्यूब संपल्या, कोणते पॅड अजिबात लागले नाहीत, आणि मार्गावर कोणत्या पट्ट्यात सर्वाधिक पंक्चर झाले, एवढे लिहिलेले असले तरी पुढच्या वर्षीच्या गाडीत काय भरायचे ते बरेचसे ठरते.